वाऱ्याचा वेग ध्वनीने मोजणे

ध्वनीचा वेग शिकविताना आपण सेकंदास ३४० मीटर हा आकडा फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. नवखा शिक्षक असताना मीही तसेच केले. तेव्हा एका मुलाने विचारले, “गुरुजी, वारा समोरून आला तर?” मी त्यास खाली बसविले. वस्तुतः पाठ तेथूनच सुरू व्हावयास हवा होता.

वारा म्हणजे वाहती हवा. प्रवाहाबरोबर जाणारी नाव लवकर पोहोचते, उलट येणारी उशिरा, ध्वनीचेही तसेच. १८२२ साली पॅरिसजवळ सुमारे १८.६ किलोमीटर अंतरावरील दोन ठिकाणांहून शास्त्रज्ञांनी आळीपाळीने तोफा डागून ध्वनीचा वेग मोजला. दोन्हीकडून बार काढण्याचा हेतू हा की, वाऱ्याचा परिणाम परस्परांत फिटावा. त्यांस वारा ही अडचण होती; आपणांस तीच मोजावयाची आहे.

पुढील उदाहरण घ्यावे. दोन टेकड्यांमधील अंतर ११,५५० मीटर. वाऱ्याच्या दिशेने आवाज ३३ सेकंदांत पोहोचला, उलट दिशेने ३५ सेकंदांत. भागाकार केल्यास वेग ३५० व ३३० येतात. फरक २०, त्याचा निम्मा १०. वाऱ्याचा वेग सेकंदास १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. दोन्ही वेगांची सरासरी ३४०, हा ध्वनीचा वेग. काही मुले आधी वेळेची सरासरी काढून ३४ने भागतील व उत्तर किंचित कमी येईल. ती चूक लगेच खोडू नये. कारण त्यांच्याकडूनच काढून घ्यावे.

एकाच बाजूचे मोजमाप का पुरत नाही? हवा तापली की ध्वनीचा वेगही वाढतो, दर अंश सेल्सिअसला सेकंदास सुमारे ०.६ मीटर. आवाज लवकर आला तो वाऱ्याने की उन्हाने, हे मग कळत नाही. दोन्ही बाजूंचे वेग घेतले म्हणजे उन्हाचा भाग वजाबाकीत जातो आणि वारा उरतो.

ध्वनीवर चालणाऱ्या वायुवेगमापकात हेच घडते. त्यात वाट्यांच्या यंत्राप्रमाणे फिरणारा भाग नसतो. जेमतेम वीतभर अंतरावर समोरासमोर असलेली दोन टोके कानांस ऐकू न येणारा ध्वनी आळीपाळीने सोडतात व टिपतात. अंतर १५ सेंटिमीटर आणि वारा सेकंदास १ मीटर असेल, तर दोन्ही वेळांतील फरक सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी सुमारे अडीच भाग एवढाच पडतो. एक जोडी आपल्या रेषेतलाच वारा सांगते. वर-खाली धरून सर्व दिशांसाठी तीन जोड्या लागतात.

शाळेच्या मैदानावर मात्र हा प्रयोग योजू नये. शंभर मीटरला ध्वनी जेमतेम ०.३ सेकंद घेतो. घड्याळ दाबणारे बोट तितके चपळ नसते.