पाऊस उघडल्यावरची जमीन

दरड म्हटली की माळीण आठवते, इर्शाळवाडी आठवते. भंडारा जिल्ह्यात सह्याद्रीचे कडे नाहीत, म्हणून इथे फिरणारे निर्धास्त असतात. पण जमीन इथेही खचते, आणि पुष्कळदा पाऊस उघडून ऊन पडल्यावर. नेमके तेव्हाच आपण सॅक पाठीला लावतो.

वैनगंगेचा काठ घ्या. पूर चढतो तेव्हा काठाच्या मातीत पाणी मुरते, पण नदीचे पाणीच बाहेरून त्या मातीला टेकू देत असते. पूर झपाट्याने ओसरला की टेकू जातो आणि आतले पाणी मात्र तितक्या वेगाने निथळत नाही. भिजून जड झालेला काठ मग उभाच्या उभा ढासळतो. पवनीपासून वर भंडाऱ्याकडे गोसीखुर्द धरणाचा फुगवटा आहे. तिथली पातळी धरणाच्या दारांवरही हलते. म्हणून पूर उतरल्यावर काही दिवस, काठ जितका उंच त्याच्या निदान दुप्पट अंतर राखून चाला. काठाला समांतर भेग दिसली तर तिच्या नदीकडच्या बाजूला पाऊल टाकू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. रेती उपसलेल्या खड्ड्यांच्या कडाही अशाच दगा देतात.

तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग हा मॅंगनीजचा मुलूख. भूमिगत खाणीत खनिज काढल्यावर पोकळी रेतीने भरतात, तरी भेगाळलेला खडक छतातून निखळू शकतो. जानेवारी 2025 मध्ये चिखल्याच्या खाणीत छत कोसळून कामगारांचे जीव गेले. तिथे आपल्याला प्रवेश नाहीच. आपला धोका जुन्या उघड्या खाणींच्या ओठांवर आणि मातीमुरमाच्या डम्पवर. हे डम्प टेकडीसारखे दिसतात, पण ती नुसती ओतलेली माती आहे. पाणी मुरले की ती सरकते. त्यावर चढू नका, पायथ्याशी डबा उघडून बसू नका.

आंबागड किल्ल्यावरही, ढासळण्याच्या भीतीने, तटाच्या कडेने चालणे टाळा. चिऱ्यांत झाडांची मुळे शिरली असतील तिथे तर नक्कीच.

मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळीवरून मात्र खुशाल फिरा, फक्त बाहेरच्या पायथ्याकडे बघत. खेकड्यांची बिळे, कुजलेली मुळे यांतून थोडे नितळ पाणी पाझरते. तेच गढूळ येऊ लागले, तर पाणी आतली माती वाहून नेते आहे आणि पाळ पोकळ होते आहे. लगेच खाली उतरून दूर व्हा, गावात सांगा आणि 1077 वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा. खालच्या बांध्यांमध्ये धानाच्या कामाला माणसे असतात.