स्वयंचलन आणि व्यवसायाची निवड : अभियंता व व्यवस्थापक

अभियांत्रिकीची पदवी संपादन करावयास चार वर्षे लागतात. तिच्यानंतर व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घ्यावयाची म्हटले, तर आणखी दोन वर्षांची भर पडते. एवढा काळ आणि पुष्कळदा कुटुंबाची सारी शिल्लक खर्ची घालून मिळविलेली विद्या उद्या यंत्राकडून अल्प खर्चात करून घेता येऊ लागली, तर पदवीधराने काय करावे? हे भय सर्वस्वी निराधार नाही. परंतु ते नेमके कोठे खरे आहे, हे पाहिल्याखेरीज त्यावर उपायही सुचावयाचा नाही.

१. व्यवसाय आणि त्यातील कामे

यंत्र सहसा अखंड व्यवसाय गिळून टाकीत नाही. त्यातील काही कामे उचलते. एखाद्या ओढ्यावर लहानसा पूल बांधावयाचा आहे, असे समजा. अभियंत्याला जमिनीची पाहणी करावी लागते, तुळयांवरील भाराचे गणित करावे लागते, आराखडे काढवून घ्यावे लागतात, खर्चाचा अंदाज मांडावा लागतो, कंत्राटदाराच्या कामावर देखरेख ठेवावी लागते आणि शेवटी पूल सुरक्षित आहे अशी स्वाक्षरी करावी लागते. यांपैकी गणित, आराखडा व अंदाज यांचे नियम पायरीपायरीने लिहून काढता येतात. प्रत्यक्ष जागेवर अनपेक्षितपणे लागलेला भुसभुशीत थर पाहून निर्णय घेणे, ही गोष्ट तशी लिहून काढता येत नाही. नियमबद्ध आणि अनियमबद्ध कामांतील हा भेद ऑटर, लेव्ही व मर्नेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली विशद केला. पुढील बहुतेक अभ्यास त्याच पायावर उभे आहेत.

२. आकडे काय सांगतात?

ऑक्सफर्ड विद्यापीठातील फ्रे व ऑस्बोर्न यांनी २०१३ साली अमेरिकेतील ७०२ व्यवसायांची छाननी केली आणि तेथील शेकडा ४७ नोकऱ्या स्वयंचलनाच्या मोठ्या धोक्यात आहेत, असा निष्कर्ष काढला. त्यांच्या तक्त्यात स्थापत्य अभियंत्याचे काम यंत्राकडे जाण्याचा संभव शेकडा १.९ व यंत्र अभियंत्याचा शेकडा १.१ होता; उलट मोजणी व नकाशे करणाऱ्या तंत्रज्ञाचा ९६ आणि संगणक-प्रोग्रॅमरचा ४८. व्यवस्थापनाच्या बाजूस मनुष्यबळ व्यवस्थापकाचा संभव शेकडा एकाहूनही कमी. पण हिशेबनीस व लेखापरीक्षकांचा ९४ आणि कर्जमंजुरी अधिकाऱ्याचा ९८.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. धोक्याची रेषा अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन यांच्या मधून जात नाही. ती दोहोंना आडवी छेदून जाते. दोन्ही क्षेत्रांत ठरलेल्या पद्धतीने मोजणारा, नोंदणारा व पडताळणारा मनुष्य संकटात आहे, तर जबाबदारी घेणारा तुलनेने निर्भय आहे.

मात्र हे आकडे भविष्यवाणी नव्हेत. ते तांत्रिक शक्यता दर्शवितात. यंत्र प्रत्यक्षात केव्हा व कितपत वापरले जाईल, हे दर्शवीत नाहीत. २०१६ साली आर्थिक सहकार्य व विकास संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात व्यवसायांऐवजी त्यांतील कामे विचारात घेतली, तेव्हा २१ देशांत मिळून मोठ्या धोक्यातील नोकऱ्यांचे प्रमाण शेकडा ९ इतकेच निघाले.

३. यंत्र आले म्हणजे माणसे जातातच काय?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात एकपदरी नाही. अमेरिकेत पैसे देणारी यंत्रे पसरल्यावर १९८८ ते २००४ या काळात शहरी बँक-शाखेतील रोखपालांची सरासरी संख्या २० वरून १३ वर आली. पण शाखा चालविणे स्वस्त झाल्यामुळे शाखाच वाढल्या, आणि रोखपालांची एकूण संख्या घटली नाही. पुढे लोक हातातील दूरध्वनीवरून व्यवहार करू लागले, तेव्हा मात्र ती घटू लागली. म्हणजे यंत्रामुळे स्वस्त झालेल्या सेवेची मागणी किती वाढते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

४. भाषा जाणणारी यंत्रे

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅट-जीपीटी लोकांपुढे आले आणि जुनी गणिते काहीशी बदलली. अहवाल लिहिणे, पत्रव्यवहार, सभेचा सारांश, प्रोग्रॅमचा पहिला मसुदा ही कामे पूर्वी अनियमबद्ध मानली जात. ती आता यंत्राच्या आटोक्यात येऊ लागली. ओपन-एआय ही संस्था व पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ येथील संशोधकांनी २०२३ साली असा अंदाज केला की, अमेरिकेतील सुमारे शेकडा ८० कामकऱ्यांच्या निदान दशांश कामांवर या तंत्राचा परिणाम होऊ शकेल, आणि अधिक वेतनाच्या नोकऱ्यांना त्याची झळ अधिक पोहोचेल. कागदावरच चालणारे व्यवस्थापन त्यामुळे आता सुरक्षित आश्रयस्थान राहिलेले नाही.

५. शिडीच्या खालच्या पायऱ्या

खरी चिंता निराळीच आहे. नवशिक्या अभियंता आराखडे तपासून व नवशिका व्यवस्थापक तक्ते जुळवून आपापला धंदा शिकतो. हीच कामे यंत्राकडे गेली, तर वरची पायरी शाबूत राहूनही तिथवर पोहोचण्याची वाट खुंटते. यंत्राने काढलेली चूक-बिनचूक उत्तरे पारखण्यास तर अनुभवी नजरच लागते! भारतात या चिंतेस आणखी एक बाजू आहे. येथे वेतन कमी असल्यामुळे बांधकामावर किंवा कारखान्यात महागडे यंत्र आणणे नेहमीच परवडत नाही. परंतु परदेशी ग्राहकांसाठी संगणकावर केल्या जाणाऱ्या कामाला हे कवच फारसे उपयोगी पडत नाही.

६. निवड करताना

म्हणून विद्यार्थ्याने पदवीच्या नावापेक्षा दिवसभराच्या कामाचे स्वरूप पाहावे. ज्या कामात वस्तूशी, जागेशी वा माणसांशी प्रत्यक्ष गाठ पडते आणि चुकीची जबाबदारी कोणाला तरी स्वतःच्या नावाने पत्करावी लागते, ते काम अधिक टिकाऊ होय. अभियांत्रिकीचे मूलभूत ज्ञान आणि माणसे सांभाळण्याची हातोटी यांचा संगम ज्याच्या ठायी आहे, त्याला दोन्ही दारे उघडी राहतात. आणि यंत्राचे उत्तर आपल्या अकलेने पडताळण्याची सवय तर कोणत्याही शाखेत पहिल्या वर्षापासूनच लावून घ्यावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. तुमच्या परिचयाच्या एखाद्या व्यवसायातील दहा कामांची यादी करा. त्यांपैकी नियमबद्ध कोणती?
२. बँक-रोखपालांची संख्या प्रथम टिकून का राहिली व पुढे का घटली?
३. खालच्या पायऱ्यांवरील कामे यंत्राकडे गेली, तर नवशिक्यांना शिकविण्याची कोणती निराळी सोय करता येईल?