शून्य मशागतीतील प्रासंगिक नांगरट : मृदेचा जमाखर्च

नांगरटीवाचून शेती नाही, ही आपल्याकडील जुनी धारणा. उत्तर भारताच्या मैदानी प्रदेशात मात्र भात कापल्यावर जमीन न नांगरता थेट गहू पेरण्याची पद्धत रुजली आहे. हरियाणात मंडूसी अर्थात गुल्लीदंडा हे तण १९९०च्या दशकात आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला जुमानेनासे झाले, तेव्हा या पद्धतीला चालना मिळाली. माती कमी हलल्याने हे तण कमी उगवते, पेरणी वेळेवर होते आणि डिझेलची बचत होते. अशा जमिनीत काही वर्षांनी एकदा नांगर घातला, तर सारा लाभ वाया जातो काय?

न नांगरलेल्या जमिनीतील बदल

पिकांचे अवशेष पृष्ठभागावर राहिल्याने धूप व बाष्पीभवन घटते. मातीच्या कणांची रचना टिकते, गांडुळांची बिळे व कुजलेल्या मुळांच्या वाटा पाणी खाली मुरवतात. परंतु सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद वरच्या काही सेंटिमीटरच्या थरातच साचतात. वरचा थर कोरडा पडला की तेथील स्फुरद मुळांना मिळत नाही. तणनाशकांवरील भिस्त वाढून प्रतिकारक्षम तणे फोफावतात.

एका नांगरटीचा परिणाम

नांगरट साचलेली अन्नद्रव्ये खोलवर मिसळते. त्यांत भर घालत नाही. मातीचे कणसमूह फुटल्याने त्यांत सुरक्षित असलेला सेंद्रिय पदार्थ जिवाणूंना उपलब्ध होतो व त्याचे विघटन वाढते. उपयुक्त बुरशीचे जाळे तुटते, बिळे मोडतात आणि उघडी जमीन पावसाच्या माऱ्याला सापडते.

तथापि, अमेरिकेतील नेब्रास्का आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथील प्रयोगांत दीर्घकाळ न नांगरलेल्या जमिनीत केलेल्या एका मशागतीने उत्पादनाचे टिकाऊ नुकसान सहसा झाले नाही. कर्बाच्या एकूण साठ्यातील बदलही सामान्यतः अल्प होता. मोठा धोका ओलावा कमी होण्याचा व धुपीचा आढळला. अर्थात, एक नांगरट आणि दरवर्षीची नांगरट यांत मूलभूत फरक आहे.

तणांच्या बाबतीत हे शस्त्र दुधारी आहे. खोल नांगरटीने पृष्ठभागावरील बी गाडले जाते. पण लगेच पुढील वर्षी पुन्हा नांगरल्यास जिवंत राहिलेले बी वर येते.

भारतीय संदर्भ

भात-गहू पद्धतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. गव्हासाठी नांगर टाळला, तरी भातासाठी दरवर्षी चिखलणी होते. तीमुळे मातीची रचना मोडते व खाली घट्ट थर तयार होतो. म्हणजेच रब्बीत कमावलेले खरिपात बऱ्याच अंशी गमावले जाते. अशा ठिकाणी प्रासंगिक नांगरटीपेक्षा चिखलणीला पर्याय शोधणे, उदाहरणार्थ थेट पेरणीचा भात, हाच महत्त्वाचा मुद्दा ठरतो. मात्र थेट पेरणीत तणांचा उपद्रव वाढतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

निर्णय घेताना

१. तण, घट्ट थर किंवा साचलेली अन्नद्रव्ये यांपैकी निश्चित कारण असावे. मातीपरीक्षण थरांनुसार करावे.
२. नांगरट वाफशावर करावी. ओल्या जमिनीत यंत्र घातल्यास ती अधिकच दबते.
३. जोरदार पावसाचा काळ व तीव्र उतार टाळावा. कोरडवाहू क्षेत्रात पेरणीपूर्वी ओल पुन्हा साठेल इतका अवधी ठेवावा.
४. केवळ समस्याग्रस्त भागच नांगरावा आणि पुढील पिकाचे अवशेष न जाळता शेतातच राखावेत.

नांगर संपूर्ण वर्ज्य मानणे किंवा सवयीने दरवर्षी चालविणे, ही दोन्ही टोके टाळावयास हवीत. नांगरट हा उपचार आहे. रोगनिदान झाल्यावरच तो करणे मृदेच्या हिताचे आहे.