मेद : नुसते कोठार नव्हे

भरल्या अंगाचा माणूस म्हणजे खात्यापित्या घरचा, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मधुमेह हा शहरातील बैठ्या, सुखवस्तू लोकांचा रोग असून शेतात राबणाऱ्या सडपातळ माणसाला त्याचे भय नाही, असेही तिच्या जोडीने मानले जाते. गेल्या तीन दशकांतील संशोधनाने या दोन्ही समजुती तपासून घेणे भाग पाडले आहे. या संशोधनाचा केंद्रबिंदू आहे शरीरातील मेद, म्हणजेच चरबी.

मेद ही शरीराची शिल्लक होय. सुगीत भरलेली कणगी जशी टंचाईच्या दिवसांत उपयोगी पडते, तशी खाल्लेल्या अन्नातील उरलेली ऊर्जा मेदपेशींत साठते आणि उपासाच्या वेळी वापरली जाते. दीर्घकाळ शास्त्रज्ञांनीही मेदाला यापलीकडे फारसे महत्त्व दिले नव्हते. ही कणगी मुकी नसून ती सतत सर्व शरीराला निरोप पाठवीत असते, हे पुढे उघड झाले.

लठ्ठ उंदराचे कोडे

अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये उंदरांची एक विलक्षण लठ्ठ जात आढळली. या उंदरांची भूक कधीच शमत नसे. त्याच संस्थेतील डग्लस कोलमन यांनी अशा उंदराचा रक्तप्रवाह निरोगी उंदराच्या रक्तप्रवाहाशी जोडून पाहिला, तेव्हा लठ्ठ उंदराचे खाणे कमी झाले. निरोगी उंदराच्या रक्तात भूक आवरणारे काही द्रव्य असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यातून निघाला. ते द्रव्य ज्या जनुकामुळे तयार होते, तो जनुक न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये शोधून काढला. या द्रव्याला ‘लेप्टिन’ हे नाव मिळाले. ते मेदपेशींतच निर्माण होते आणि साठा पुरेसा असल्याची वर्दी मेंदूला देते. अशा रीतीने मेद ही संप्रेरके स्रवणारी एक ग्रंथीही आहे, हे निर्विवादपणे सिद्ध झाले.

लेप्टिन टोचले की लठ्ठपणा जाईल, ही त्या वेळची आशा मात्र फलद्रूप झाली नाही. जन्मतः लेप्टिन नसलेल्या मोजक्या रुग्णांना त्याचा उत्तम गुण आला. बहुसंख्य स्थूल व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन मुळातच भरपूर असते. मेंदू त्याची दखल घेईनासा होतो. वर्दी सतत वाजत राहिली की ऐकणाऱ्याचे लक्ष उडावे, तसाच हा प्रकार होय. १९९० नंतरच्या दशकातच ‘अ‍ॅडिपोनेक्टिन’ हे मेदपेशींचे दुसरे संप्रेरक ज्ञात झाले. ते इन्सुलिनच्या कार्याला साहाय्य करते. परंतु मेद वाढत जातो तसे त्याचे प्रमाण घटते.

धुमसता दाह

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. हा दाह म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था असून काम संपताच तो शमतो. प्रमाणाबाहेर फुगलेल्या मेदपेशींतही दाह उत्पन्न होतो. मात्र तो ठणकत नाही आणि शमतही नाही. राखेखालच्या विस्तवासारखा तो वर्षानुवर्षे धुमसत राहतो.

दाह वाढविणारे एक द्रव्य लठ्ठ प्राण्यांच्या मेदातून स्रवते व इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणते, असे १९९३ मध्ये हार्वर्ड येथील संशोधकांनी दाखवून दिले. २००३ मध्ये अमेरिकेतील दोन स्वतंत्र गटांना असे आढळले की, स्थूल शरीरातील मेदात रोगजंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी मोठ्या संख्येने शिरलेल्या असतात. त्यांच्या स्रावांमुळे स्नायू व यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होतात. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन निर्माण करून ही तूट भरून काढते. परंतु ते थकले की रक्तातील साखर वाढू लागते. वाढता रक्तदाब, यकृतात साठणारी चरबी आणि हृदयविकार यांचाही या दाहाशी जवळचा संबंध आहे.

यात मेद कोठे साठला आहे, याला फार महत्त्व असते. त्वचेखालचा मेद तुलनेने निरुपद्रवी असतो. आतड्यांभोवतीच्या मेदातील रक्त थेट यकृताकडे जाते. त्यामुळे पोटातील मेद अधिक घातक ठरतो.

पुण्याचा धडा

या ज्ञानात महाराष्ट्राने मोलाची भर घातली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सारखा होता. शरीरातील मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरले. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही.

हा फरक जन्मापासूनच असल्याचेही पुण्याच्या अभ्यासांतून दिसून आले. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये गरोदर मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू झाला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. ग्रामीण बालकांत स्नायूंची उणीव मोठी होती. त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून होता. दिसायला कृश, पण मेदाने समृद्ध अशी ही ठेवण आहे. अशा शरीरावर पुढे थोडेसे वजन चढले तरी ते पोटाशी साठते आणि रोगाला आमंत्रण देते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. एकूण स्थूलतेचे प्रमाण २८.६ टक्के, तर पोटाच्या स्थूलतेचे ३९.५ टक्के आढळले. ज्यांना कोणी लठ्ठ म्हणणार नाही, अशांतही पोटाचा मेद वाढलेले अनेक जण आहेत, हा या दोन आकड्यांमधील तफावतीचा अर्थ होय.

गावाला काय करता येईल?

पहिले साधन अगदी स्वस्त आहे : शिंप्याची मोजपट्टी. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यानंतर, पट्टी आडवी धरून घेर मोजावा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. आशा स्वयंसेविका ३० वर्षांवरील व्यक्तींचे जे माहितीपत्रक भरतात, त्यातही कमरेच्या घेराची नोंद असते. हा रकाना अंदाजाने न भरता प्रत्यक्ष मोजून भरला जातो की नाही, याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष दिल्यास अनेकांचा रोग वेळीच कळू शकेल. घेर मर्यादेबाहेर असेल त्याने रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा.

दुसरा उपाय आहार व श्रमाचा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींवर चेन्नई येथे झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आहारातील बदल व नियमित व्यायाम यांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. वजन थोडे कमी झाले तरी मेदातील दाह ओसरू लागतो.

तिसरा उपाय दूरदृष्टीचा आहे. पुण्याच्या अभ्यासात ज्या मातांच्या आहारात दूध, फळे व हिरव्या पालेभाज्या अधिक वेळा होत्या, त्यांची बालके जन्मतः अधिक सुदृढ होती. म्हणून शाळेतील किशोरवयीन मुलीच्या ताटातील पालेभाजी ही केवळ तिच्या आरोग्याची बाब नव्हे. पुढच्या पिढीच्या मधुमेहाविरुद्धची तयारीही आहे.

मेद हा शत्रू नाही. ज्यांच्या शरीरात जन्मतः मेद जवळजवळ नसतोच, त्यांनाही तीव्र मधुमेह होतो. कणगी रिती असणे जसे बरे नव्हे, तसेच ती फुटेपर्यंत भरणेही बरे नव्हे. ती किती भरली आहे, हे आरशात पाहून ठरत नाही. त्यासाठी मोजपट्टी हाती घ्यावी लागते.