टीव्ही बंद असतानाही बोलणारा संगणक

गाणी, नाटकं, सिनेमे, बोलती पुस्तकं सगळं एका जागी असावं आणि ते लावायला मला कुणाची वाट पाहावी लागू नये, एवढ्यासाठी मी दिवाणखान्यात टीव्हीशेजारी एक छोटा संगणक बसवला. मी जन्मापासून अंध आहे. पंधरा हजारांच्या पलीकडे जायचं नाही, असं आधीच ठरवलं होतं. त्या कामातून जे हाती लागलं, ते इथे मांडते.

१. पैसा कानांसाठी आणि बोटांसाठी ठेवावा.

घरच्या मनोरंजनाचा संगणक म्हटलं की सल्ले सुरू होतात ते ग्राफिक्स कार्डापासून आणि चमकत्या दिव्यांच्या कॅबिनेटपासून. यातलं काहीच लागत नाही. कंपन्यांच्या कार्यालयांतून बदलून टाकलेले छोटे डेस्कटॉप रिफर्बिश्ड होऊन बाजारात येतात. डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर टायनी, एचपी एलिटडेस्क मिनी ही त्यातली ओळखीची नावं. आठ जीबी रॅम आणि एसएसडी पुरे. प्रोसेसर मात्र इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचाच घ्यावा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे त्याआधीच्या पिढ्यांवर चालत नाही. नव्या पद्धतीने आकुंचित केलेले बरेच व्हिडिओसुद्धा आठव्या पिढीपासूनच्या चिपा फारसं तापून न जाता उलगडतात. पंखा शांत राहतो, आणि कानांवर सगळं काम असणाऱ्या माणसाला शांत पंखा फार मोलाचा असतो. उरलेले पैसे बऱ्या स्पीकरांना आणि एफ आणि जे वर स्पष्ट उंचवटे असलेल्या कीबोर्डाला.

२. दुकानातच यंत्र बोलतं करून घ्यावं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मी भाच्याबरोबर गेले होते. दुकानदार सगळे प्रश्न भाच्यालाच विचारत होता. “मावशी, मॉनिटर कुठला दाखवू म्हणतायत,” भाचा मला सांगायला लागला. मी म्हटलं, “दादा, मला थेट विचारा ना. मॉनिटर नको. हेडफोन जोडा आणि मशीन चालू करा.” विंडोज सुरू झाल्यावर मी कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकदम दाबलं. पडदा वाचून दाखवणारा विंडोजचा नॅरेटर बोलायला लागला आणि मी सेटिंगमध्ये जाऊन रॅम किती, प्रोसेसर कुठला, हे दुकानदाराच्या समोर ऐकून घेतलं. त्यानंतर पुढचा सगळा व्यवहार तो माझ्याशीच बोलला. तीन कींची ही सोय विंडोजमध्ये उपजतच आहे, तिला काही इन्स्टॉल करावं लागत नाही. यंत्राच्या पोटाला हात लावून पंख्याचा आवाजही मी तिथेच ऐकला.

३. पोर्टं बोटांनी वाचता येतात.

एचडीएमआयच्या तोंडाचे खालचे दोन्ही कोपरे तिरपे छाटलेले असतात, डिस्प्लेपोर्टचा एकच. हेडफोनचं गोल भोक सहसा पुढच्या बाजूला. मागच्या अंगाला मात्र सगळं दाटीवाटीने असतं, म्हणून टीव्हीच्या पोर्टाशेजारी मी एम-सीलचा बारीक ठिपका लावला आहे. यंत्र घेताना एचडीएमआय आहे की नाही हे चाचपून पाहावं. कित्येक टायनी आणि मायक्रो संगणकांवर डिस्प्लेपोर्ट जास्त असतात आणि मग कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागतो.

४. मुक्या पडद्यांचं काम एका बैठकीत उरकावं.

विंडोज सुरू होण्याआधीचे बायोसचे पडदे बोलत नाहीत. पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकायचं तर डेल आणि लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबून येणारी यादी कुणीतरी वाचून दाखवायला लागते. (पुढे विंडोजच्या इन्स्टॉलेशनमध्ये नॅरेटर पुन्हा सुरू करता येतो.) अशा वेळी डोळे उसने घ्यावेत, त्यात कमीपणा नाही. घरचं कुणी नसेल तर बी माय आईजवर स्वयंसेवक कॅमेऱ्यातून पाहून सांगतात. २०१५ मध्ये डेन्मार्कहून सुरू झालेली ही सेवा फुकट आहे. पण बायोसमध्ये शिरलेच आहोत तर आणखी एक गोष्ट करून घ्यावी: वीज जाऊन आल्यावर यंत्राने आपोआप सुरू व्हावं, अशी सोय. डेलवर तिचं नाव एसी रिकव्हरी, इतरांवर आफ्टर पॉवर लॉस. आमच्याकडे पावसाळ्यात वीज सारखी जाते. वीज आली की संगणक स्वतःच उठतो.

५. एनव्हीडीए हाच घराचा मालक.

मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी उभा केलेला हा स्क्रीन रीडर २००६ पासून मोफत आहे. इतकं मोलाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, म्हणून मी जमेल तेव्हा त्यांना देणगी पाठवते. बसवताना दोन गोष्टी न विसरता कराव्यात. साइन-इनच्या पडद्यावरही तो बोलेल, ही खूण करावी. आणि आपला आवाज, आपला वेग ठरवून झाला की ‘हीच सेटिंग साइन-इनलाही वापरा’ हे बटण दाबावं, नाहीतर पासवर्डच्या वेळी परकाच आवाज भेटतो. स्क्रीन कर्टन ही पडदा काळा करण्याची सोय या यंत्रावर बंदच हवी, कारण टीव्ही घरच्यांनाही पाहायचा असतो.

६. आवाजाच्या वाटा वेगळ्या कराव्यात.

हा धडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्याला दिसतं तो संगणक टीव्हीला जोडतो आणि चित्र, आवाज दोन्ही एकाच वायरीतून जाऊ देतो. आपलं तसं चालत नाही. टीव्ही बंद केला की एचडीएमआयमधला आवाजही जातो आणि संगणक मुका होतो. म्हणजे एक भजन लावायला टीव्ही पेटवावा लागतो. शिवाय टीव्ही आवाजावर स्वतःचे संस्कार करतो, त्यामुळे की दाबल्यावर बोलणं किंचित मागून येतं. पहिलं अक्षरही पुष्कळदा गिळलं जातं, कारण बोलणं थांबलं की आवाजाचं यंत्र डुलकी घेतं. हे शेवटचं दुखणं एनव्हीडीएच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बरं होतं: बोलून झाल्यावर ऑडिओ किती सेकंद जागा ठेवायचा, हे तिथे वाढवता येतं.

माझ्याकडे आता तीन वाटा आहेत. गाणी आणि पुस्तकं हेडफोनच्या भोकातून साध्या स्पीकरांवर, टीव्हीशी संबंधच नाही. सिनेमाचा आवाज एचडीएमआयमधून टीव्हीवर. आणि एनव्हीडीएचं बोलणं तिसरीकडे: दोन-तीनशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड, लांब यूएसबी वायरीने सोफ्यापर्यंत आणलेलं, त्यात एका कानाचा इअरफोन. विंडोजच्या साउंड सेटिंगमधल्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये प्रत्येक ॲपला त्याचं आउटपुट नेमून देता येतं, एनव्हीडीएला त्याच्याच सेटिंगमधून. ब्लूटूथ इअरफोन मी मुद्दाम टाळला, कारण तिथेही बोलणं मागे पडतं. आता सगळे मिळून नाटक पाहत असताना मी यादी चाळते, पुढचं शोधते, आवाज कमी-जास्त करते आणि कुणाच्या कानावर स्क्रीन रीडरचा एक शब्द पडत नाही.

७. देखणा प्लेअर आपल्या कामाचा असेलच असं नाही.

कोडीचं नाव सगळे घेतात. एक्सबॉक्ससाठी जन्मलेला आणि २०१४ पर्यंत एक्सबीएमसी नावाने ओळखला जाणारा हा प्लेअर आपला पडदा स्वतःच रंगवतो, त्यामुळे एनव्हीडीएला त्यात काही सापडत नाही. त्याचा स्वतःचा बोलणारा ॲड-ऑन आहे, पण दोन वेगळे बोलणारे सांभाळण्यापेक्षा मला फोल्डर आणि व्हीएलसी बरे. संगीतासाठी फूबार२०००. घरच्यांना फोनवर हवं असतं, त्यांच्यासाठी जेलीफिन बसवला आहे. तो ब्राउझरमधून चालतो, म्हणून त्याची व्यवस्था मलाही पाहता येते.

८. फायलीच्या नावात वेगळेपण आधी यावं.

डाउनलोड केलेल्या नावात आधी मालिकेचं लांबलचक शीर्षक, मग वर्ष, मग १०८०पी, आणि भागाचा क्रमांक कुठेतरी शेवटी. पाहणारा नजर टाकून शेवट गाठतो. ऐकणाऱ्याला प्रत्येक ओळीला तेच शीर्षक पुन्हा ऐकावं लागतं. मी क्रमांक आधी घेते, नाव नंतर. फोल्डरांची पहिली अक्षरं वेगवेगळी ठेवते, म्हणजे एक की दाबली की थेट तिथे. आणि नावं रोमन लिपीत, कारण देवनागरीसाठी कीबोर्ड पालटण्यात वेळ जातो. बोलत्या पुस्तकांची सोय याच शिस्तीत बसते. सुगम्य पुस्तकालय या अंध वाचकांच्या ऑनलाइन ग्रंथालयातून घेतलेली मराठी पुस्तकं मी लेखकाच्या आडनावाने ठेवते.

९. कॅसेटींना विसरू नये. आवाज मुद्रित करणाऱ्या ऑडॅसिटीत त्या उतरवता येतात. ऑडॅसिटी एनव्हीडीएबरोबर कीबोर्डने नीट चालतो.

१०. श्राव्य वर्णन मागून घ्यावं.

सिनेमातला शांत प्रसंग म्हणजे आमच्यासाठी कोरी जागा. कोण खोलीत आलं, कुणाच्या हातात पत्र आहे, हे सांगणारा वेगळा ध्वनिपट असला तर तो व्हीएलसीमध्ये बी दाबून बदलता येतो, किंवा ऑडिओ मेनूतून नावाने निवडता येतो. नेटफ्लिक्सने असं वर्णन २०१५ मध्ये ‘डेअरडेव्हिल’पासून सुरू केलं. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४२ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक माध्यमांतल्या श्राव्य वर्णनाची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’च्या ओटीटी आवृत्तीसाठी ते तयार करायला सांगितलं, आणि मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मराठीत मात्र असा ध्वनिपट अजून क्वचितच मिळतो. मी प्रत्येक मराठी सिनेमानंतर तो दाखवणाऱ्या ॲपच्या अभिप्रायात श्राव्य वर्णनाची मागणी लिहिते. तुमच्या घरात, शेजारी कुणी अंध किंवा कमी दिसणारं असेल, तर तुम्हीही लिहा. मागणी दृष्टी असलेल्यांकडूनही आली तर निर्मात्यांना ती टाळणं कठीण जाईल.