अंध सैनिकाची नवी कवाईत

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशांतील एखाद्या वृद्ध निवृत्त सैनिकाची दृष्टि मंदावली, तर आतां त्यानें ओसरीवर बसून राहावें, असें घरच्यांस वाटतें. आम्हांस तें पटत नाहीं. प्रथम डोळे तपासून घ्यावे. मोतीबिंदू शस्त्रक्रियेनें निघतो, परंतु काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. मग पुढें काय?

काचबिंदूनेंच अंध झालेल्या आर्थर पिअर्सन ह्यांनीं १९१५ सालीं लंडन येथें अंध सैनिकांसाठीं सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. तेथें दयेपेक्षां शिक्षणास महत्त्व असे. ब्रेल लिपि, टंकलेखन, टोपल्या विणणें इत्यादि विषय शिकवीत. गॅलिपोलीच्या लढाईंत दृष्टि गमावलेले क्लुथा मॅकेंझी तेथेंच शिकले. १९४३ सालीं हिंदी सैनिकांसाठीं देहरादून येथें तसेंच वसतिगृह निघालें, तेव्हां त्याची धुरा त्यांनीं वाहिली. अमेरिकेंतील लष्करी रुग्णालयांत रिचर्ड हूवर ह्यांनीं लांब काठीची पद्धति बसविली : उजवें पाऊल पुढें पडतांना काठीचें टोंक डावीकडे, डावें पडतांना उजवीकडे.

ही कवाईतच होय. आणि कवाईत सैनिकाच्या अंगीं मुरलेली असते. विहिरीपर्यंतचीं पावलें त्यास मोजतां येतील. सागाच्या वाळल्या पानांचा आवाज व चैत्रांतील मोहाचा वास त्यास वाट सांगतील.

विद्यार्थ्यांनो, अशा आजोबांस हात धरून ओढूं नका. आपलें कोपर त्यांच्या हातीं द्या, अर्धें पाऊल पुढें चाला, आणि त्यांचा तांब्या व जोडे जागचे हलवूं नका.