हौद्याला अस्तर कोणते?

प्रश्न : नवी बोलेरो पिकअप घेतली आहे. पहाटे बोयनपल्लीच्या बाजारात भाजी, दुपारी राणीगंजहून लोखंडी सामान. हौद्यात काय बसवू? — एक वाचक, काचीगुडा, हैदराबाद

उत्तर : तयार प्लास्टिकचे अस्तर टाळा. भाजीच्या क्रेटमधून ठिबकलेले पाणी त्याखाली साचते, हादऱ्यांनी रंग घासला जातो आणि गंज नजरेआड वाढतो. विकणारा हे सांगणार नाही. पॉलियुरियाचा फवारा मारून घ्या. आधी पत्रा घासून खरखरीत करतात ना, हे स्वतः उभे राहून पाहा. गुळगुळीत रंगावरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. पाणी जाणारी भोके बुजू देऊ नका. लोखंड भरताना वर जाड रबरी मॅट टाका, संध्याकाळी उचलून वाळवा. चेकर्ड प्लेट ठोकून देणारेही भेटतील. तिचे वजन तुमच्या मालातूनच वजा होते.